मामा, वाईनरी आणि गंगेवरचा बुधवारचा बाजार

अठरा वर्षं झाली लग्न होऊन नाशिकला राहतेय आणि परवापर्यंत एकही वाईनरी आतून बघितली नव्हती. गंगापूर रोडने धरणावर कितीतरी वेळा गेलो असू, पाट्या दिसायच्या, शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग दिसायची, आम्ही आपले सरळ पुढे. ह्याला कारण आहे आणि ते कारण म्हणजे माझे मामा.

मामा निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. पस्तीस वर्षं थॉमसन लावतात, म्हणजे बिनबियांची खायची द्राक्षं. २००१ साली सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूरला वाईन पार्क निघालं, तेव्हा सगळ्या पंचक्रोशीत वाईनच्या द्राक्षांचं वारं शिरलं होतं. मामांनी २००४ ला दोन एकर शिराज, म्हणजे रेड वाईनची काळी द्राक्षं लावली, एका कंपनीशी करार करून. तीन-चार वर्षं बरी गेली. मग २००८ ला मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली आणि वाईन टाक्यांमध्ये तशीच पडून राहिली. २००९ च्या हंगामात कंपनीची गाडी आलीच नाही. फोन केला की टाक्या भरल्यात, थांबा. माल वेलीवरच सुकत चालला, पाखरं तुटून पडली.

इथे एक गोष्ट शेतीबाहेरच्या लोकांच्या लक्षात येत नाही. थॉमसनचा भाव पडला तर माणूस बेदाणा करतो, मार्केटला नेऊन कमी भावात का होईना विकतो. वाईनच्या द्राक्षाचा मणी वाटाण्याएवढा, साल जाड, आत बिया. तो कोण खाणार? त्याचा बेदाणा कोण घेणार? वाईनरीने दार लावलं की दुसरं दारच नाही. मामांनी एप्रिलमध्ये जेसीबी लावून दोन्ही एकर उपटले आणि त्या वर्षी माझ्या मामेबहिणीचं लग्न एक वर्ष पुढे गेलं. त्यानंतर आजोळी वाईन हा शब्द कुणी काढला नाही आणि मलाही कुठल्या वाईनरीत जावंसं वाटलं नाही.

ह्या फेब्रुवारीत मामा-मामी मामीच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी आमच्याकडे आले होते. लवकर छाटलेल्या बागेचा माल निघून गेलेला, व्यापाऱ्याचे पैसे आलेले, त्यामुळे मामा निवांत. मंगळवारी रात्री जेवताना स्वतःच म्हणाले, "उद्या ती वाईनरी बघून येऊ का गं? बघायची राहिली." मामी ताटातून वर बघत म्हणाली, "अहो, आता?" मामा म्हणाले, "आताच. अजून किती वर्षं थांबायचं?"

तर बुधवार. ज्यांना जायचंय त्यांनी मधल्या वारीच जा हो, रविवारी गर्दीत काही बघणं होत नाही आणि कुणाला काही विचारताही येत नाही. गाडी माझ्या नवऱ्याने चालवली, तो घेत नाही, आणि गाडी चालवणाऱ्याने घ्यायचीच नाही हे आमचं घरातूनच ठरलेलं. निघताना आधी मिसळ, कारण उपाशी पोटी टेस्टिंग करू नये आणि नाशिकमध्ये सकाळ मिसळीशिवाय सुरू कशी करायची. काळ्या मसाल्याचा रस्सा, मोड आलेली मटकी, पापड, दही, गरम पाव. मामांनी तीनदा रस्सा मागितला.

पहिल्यांदा सुला वाईनरीला गेलो, गोवर्धनकडून सावरगाव रस्त्याला वळलं की लागतं. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून परत आले आणि नव्वदच्या दशकात इथे वाईनची द्राक्षं लावली, पहिली वाईन २००० साली निघाली, आईचं नाव सुलभा म्हणून सुला. तोपर्यंत ह्या भागात द्राक्ष म्हणजे बहुतेक खायचंच द्राक्ष. आज नाशिक व्हॅलीच्या वाईनला भौगोलिक मानांकन आहे, आणि ते का मिळावं हे बागेच्या कडेला उभं राहिलं की कळतं. भोवती डोंगर, समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंची, दिवसा ऊन आणि रात्री चांगलीच थंडी. थंड रात्रीने मण्यातला आंबटपणा टिकतो, नुसतीच साखर चढत नाही, हे मामांनीच मला सांगितलं.

टूर द्यायला एक मुलगा होता, दिंडोरीकडचाच. तो माहिती सांगत पुढे चालला होता आणि मामा मागेच थांबले होते, वेलींपाशी. इथे वेली तारांवर भिंतीसारख्या उभ्या बांधतात, घड कमरेच्या उंचीला. मामांच्या बागेत वाय अँगल, म्हणजे इंग्रजी वायसारखा मांडव, माल डोक्याच्या उंचीला, मान वर करून थिनिंग, म्हणजे मण्यांची विरळणी करावी लागते, बायकांच्या माना दुखून येतात. इथे ते काहीच नाही. मणी फुगवायला घड जीएच्या औषधात बुडवणं नाही, मणी मोठा करायची धडपड नाही, उलट मणी लहान राहिलेलाच बरा, कारण रंग आणि चव सालीत असते. मग मामांनी खिशातून रिफ्रॅक्टोमीटर काढला, रसातली साखर मोजायचा. खरंच सांगते, डोळ्यांच्या दवाखान्यात जाताना पण तो खिशात होता. त्या मुलाला म्हणाले, "दोन मणी घेऊ का?" तो जरा घुटमळला, मग म्हणाला घ्या काका. मामांनी मणी चिमटीत दाबून थेंब काचेवर सोडला, झाकण लावलं आणि उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघितलं. "तेवीस," म्हणाले. आमच्या खायच्या द्राक्षाला सोळा-अठराला माल काढतात, म्हणजे हे किती गोड बघा, तरी खाल्लं तर आधी लागतो तुरटपणा आणि दाताखाली बी. तो मुलगा आता आमच्याशी वेगळ्याच आवाजात बोलायला लागला, पाठ केलेलं सोडून.

आत मोठमोठ्या स्टीलच्या टाक्या. व्हाईट वाईनला द्राक्ष दाबून रस लगेच सालीपासून वेगळा करतात, रेडला रस सालीसकट टाकीत आंबवतात. काळ्या द्राक्षाचा रससुद्धा आतून पांढराच असतो, रंग सगळा सालीतून उतरतो. साल वर तरंगून थर धरते म्हणून खालचा रस पंपाने उचलून तिच्यावर फिरवत राहतात. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि गॅस होतो, आणि उष्णता इतकी होते की टाकीला बाहेरून थंड ठेवावं लागतं. मामांनी टाकीला तळहात लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मी काही बोलले नाही. २००९ ला ज्या टाक्या भरल्यात म्हणून सांगितलं होतं त्या कशा दिसतात हे ते पहिल्यांदा बघत होते.

बॅरल रूममध्ये अंधार आणि गारवा, ओल्या लाकडाचा वास. सव्वादोनशे लिटरचं एकेक ओकचं पिंप, लाकूड फ्रान्सचं नाहीतर अमेरिकेचं. मामीला ती खोली फार आवडली. "आपल्या कणगीच्या खोलीसारखा वास येतो बघ," म्हणाली. मामी माळकरी, ती काही घेणार नव्हती, तिच्यासाठी द्राक्षाचा ज्यूस घेतला आणि ती शांतपणे आमच्याबरोबर बसली, एका शब्दाने बोलली नाही ह्याचं मला फार बरं वाटलं.

टेस्टिंगला आधी व्हाईट देतात, मग रेड, कारण रेडची चव जिभेवर बसली की व्हाईट कळत नाही. ग्लास खालच्या दांड्याला धरायचा, गोल फिरवायचा, नाक आत घालायचं, मग छोटा घोट. सोविन्याँ ब्लाँकचा ग्लास नाकाशी नेला आणि मामा लगेच म्हणाले, "ढोबळी मिरची चिरल्यासारखं." तो मुलगा हसला, म्हणाला काका, पुस्तकात पण हेच लिहिलंय. शेनिन ब्लाँक मला आवडली, थोडी गोडसर. मामांना नाही आवडली, त्यांनी अर्धा ग्लास तसाच ठेवला. शिराज इथे घेतलीच नाही. "पुढे घेऊ," म्हणाले.

पुढे म्हणजे यॉर्क वाईनरी, तिथून जवळच. गुरनानी कुटुंबाने काढलेली, मुलांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून नाव ठेवलेलं, २०२१ पासून तीही सुलाकडे आहे. आकाराने आटोपशीर आणि वर बसायला जागा अशी की गंगापूर धरणाचं पाणी सरळ समोर. फेब्रुवारीत पाणी अजून भरपूर असतं, दुपारच्या उन्हात नुसतं चमकत होतं.

तिथे मामांनी शिराज मागवली.

त्यांनी ग्लास पांढऱ्या टिश्यू पेपरवर तिरका धरून रंग बघितला, कडेला जांभळी छटा. वास घेतला, परत घेतला. प्यायले. बराच वेळ धरणाकडे बघत बसले. मग म्हणाले, "मिरी आहे ह्यात." आणि थोड्या वेळाने, "शेवटी साल येते बघ. तीच साल." मी विचारलं, तीच म्हणजे? तर म्हणाले, हंगामात रोज सकाळी एक मणी तोडून चावायचो, साल सगळ्यात शेवटी तोंडात राहायची, थुंकायच्या आधी. तीन वर्षं माल दिला, त्याची बाटली कुणी आणून दिली नाही आणि मी पण कधी मागितली नाही.

मग मामीने सांगितलं ते मला आजपर्यंत माहीत नव्हतं. जेसीबी फिरला तेव्हा विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीपाशी एक वेल राहिली होती. मामांनी ती काढू दिली नाही. आजही आहे, पत्र्यावर चढलीये, दरवर्षी छाटतात, नातवंडं तिला काळी बारकी म्हणतात आणि पाखरांच्या आधी जेवढी मिळतील तेवढी खातात. मी लहानपणापासून त्या मळ्यात जाते, लग्नानंतरही दर मे महिन्यात जाते, पण मे मध्ये त्या वेलीवर नुसती एप्रिलच्या खरड छाटणीनंतरची कोवळी फूट असते, मला काय कळणार.

मामांनी तो एक ग्लास तासभर पुरवला. दुसरा घेतला नाही.

साडेचारला गावात आलो. गंगापूर रोड-कॉलेज रोडवर राहणारेसुद्धा मेन रोडला जायचं असलं की गावात जाऊन येतो म्हणतात, मला ते फार आवडतं, कारण खरं नाशिक तेवढंच आहे. गाडी अशोक स्तंभाच्या अलीकडेच लावली, तिथून पुढे गाडी नेणं म्हणजे वेळ घालवणं. रविवार कारंजा, चांदीच्या गणपतीला हात जोडले, मग भांडी बाजार. मामीला नातीसाठी पितळी तांब्या घ्यायचा होता. दुकानदाराने चार काढले, मामीने चारही टिचकी मारून ऐकले, एक बाजूला काढला, तो तराजूत गेला, वजनावर भाव, आणि मग त्याने त्या छोट्या यंत्राने करकर आवाज करत नाव घातलं. ते बघायला मी अजूनही लहान मुलीसारखी उभी राहते. नवरा तेवढ्यात साबुदाणा वडे आणि जिलबी घेऊन आला, गरम गरम, आणि आम्ही उभ्यानेच खाल्ली.

तिथून उतारावरून गंगेवर. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. बुधवार म्हणजे घाटावर आठवडे बाजार, भाज्यांचे ढीग, मिरच्या, लसूण, दोर, कोयते, कपडे, सगळं नदीच्या काठाला पसरलेलं. पलीकडे नारोशंकराचं देऊळ, १७४७ चं, त्याच्यावरची ती घंटा वसईच्या १७३९ च्या विजयात आणलेली, पोर्तुगीजांची. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपाशी मामा थांबले. पूर किती आला हे अख्खं नाशिक त्याच्यावरून मोजतं, कमरेला लागलं की छातीला. सप्टेंबर २००८ च्या पुरात मामा इथे अडकले होते, कंपनीच्या ऑफिसला चेक आणायला आले होते तेव्हा. "दुपारी वरून बघितलं ना, तेच पाणी हे," म्हणाले. "धरणातून सोडलं की इथे."

परत फिरताना बाजाराच्या कडेला एक बाई द्राक्षं घेऊन बसली होती, टोपलीत पाला घालून, थॉमसनच. मामांनी घड उचलला, देठ बघितला, हिरवा होता. "कुठला माल?" "मोहाडीचा, दादा." एक मणी तोंडात टाकला आणि म्हणाले, "एक किलो द्या."

मामी म्हणाली, "अहो, घरी बाग आहे आपली!"

"पस्तीस वर्षांत विकत घेतली नाही कधी," मामा म्हणाले. त्या बाईने सांगितला तो भाव दिला, एक रुपया कमी केला नाही, आणि पिशवी मामीच्या हातात न देता स्वतःच धरली. गाडीपर्यंत येईस्तोवर त्यातली निम्मी आम्ही चौघांनी संपवली होती.