पावसाळ्यात ओंडका उघडत नाहीत

मेक्सिकोत उश्मालचा पिरॅमिड पाहिला, कांपेचेच्या तटबंदीवर संध्याकाळ घालवली, मेरिदात भरपूर पायपीट केली. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते होपेलचेनजवळच्या एका गावातल्या परसाबद्दल.

मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात, कांपेचे शहरापासून दीडेक तासावर हा भाग येतो. इथल्या माया या आदिवासी समाजातल्या बायकांचा एक गट ‘शुनान काब’ या डंख न मारणाऱ्या मधमाश्या पाळतो. आलेल्यांना त्या माश्या दाखवतात, जेवूही घालतात. आपल्याकडे भिंतीच्या फटीत नाहीतर झाडाच्या ढोलीत राहणारी पोया माशी असते, तिच्याच गोतातली ही, पण अंगाने बरीच मोठी.

परसात पानांनी शाकारलेली, दोन्हीकडे उतरती छपरी होती. तिच्याखाली पोकळ ओंडके मृदंगासारखे आडवे रचलेले. दोन्ही तोंडांना लाकडी चकत्या बसवून कडा मातीने लिंपलेल्या. मधोमध एक माशी जेमतेम शिरेल एवढंच भोक, आणि त्यात डोकं अडकवून बसलेली पहारेकरीण. बाहेरून कुणी आलं की ती मागे सरायची, वाट द्यायची, की पुन्हा तिथेच. मी तिच्यासमोर उकिडवी बसले ती उठलेच नाही.

आमच्या गाडीतल्या एका गृहस्थांना मात्र आतलं बघायचं होतं. ‘एक उघडा, फोटो घेतो.’ घरधनीणबाई, साठीच्या असाव्यात, म्हणाल्या, ‘नाही.’ गाइडने गळ घातली, हे लोक लांबून आलेत. गृहस्थांनी वर पैसे देऊ केले. बाई शांतपणे म्हणाल्या, ‘पावसाचे दिवस आहेत. आता आमचाही हात आत जात नाही.’

मग त्यांनी कारण नीट समजावलं. ही माशी मध षटकोनी पोळ्यात ठेवत नाही, मेणाच्या छोट्या छोट्या मडक्यांत ठेवते. उघडताना एखादं मडकं फुटलं की त्या वासावर दुसऱ्याच जातीच्या बारीक माश्या येतात आणि आत अंडी घालतात. त्यांच्या अळ्या बघता बघता सगळी वसाहत संपवतात. शिवाय पावसात फुलं कमी, आतला साठा माश्यांनाच लागतो. मध काढायचा तो कोरड्या दिवसांत, रान फुलल्यावर. तोही एका ओंडक्यातून वर्षाकाठी लिटर-दोन लिटर. ते गृहस्थ गाडीत जाऊन बसले. मला मनापासून बरं वाटलं. पाहुणचाराच्या नावाखाली हवं ते करून दाखवणारी ठिकाणं मी खूप पाहिलीत, आणि तिथून निघताना दर वेळी वाईट वाटतं. इथे यजमानीणबाई पाहुण्याच्या आधी माशीचा विचार करत होत्या.

या माश्या माया लोकांकडे फार जुन्या. स्पॅनिश लोक येण्याआधीपासूनच्या. आज माद्रिदमध्ये असलेल्या माया पोथीत त्यांच्यासाठी पानंच्या पानं दिलेली आहेत. पण त्यांना जगायला जंगल लागतं, आणि होपेलचेनमध्ये जंगल तोडून सोयाबीन आलं. 2012 मध्ये सरकारने मोन्सॅन्टो या बियाणं कंपनीला तणनाशक सोसणारं जनुकीय बदल केलेलं सोयाबीन सात राज्यांत पेरायची परवानगी दिली. त्याविरुद्ध इथल्याच लेइदी पेच उभ्या राहिल्या. स्वतः मेलिपोना, म्हणजे याच माश्या, पाळणाऱ्या, बायकांच्या सहकारी गटातल्या. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की माया समाजाला विचारल्याशिवाय हे चालणार नाही, आणि 2017 मध्ये परवानगी रद्द झाली. 2020 चा गोल्डमन पर्यावरण पुरस्कार त्यांना मिळाला. हे मी घरून वाचून गेले होते. तरी त्या परसात उभं राहिल्यावर कळलं की खटला नेमका कशासाठी होता.

जेवायला हाताने थापलेल्या मक्याच्या गरम टॉर्टिया, चाया नावाची पालेभाजी अंड्यात परतलेली, आणि भाजलेल्या भोपळ्याच्या बियांचं टोमॅटो घालून वाटलेलं सिकिल पाक. ते मी तीनदा मागून घेतलं. बायका आपसात माया भाषेत बोलत होत्या, आमच्याशी स्पॅनिशमध्ये. मध चमच्याने चाखायला दिला. पातळ, किंचित आंबट. डोळ्यांच्या दुखण्यावर आणि बाळंतिणीला तो देतात म्हणे. बाटली लहान आणि महाग होती. मी घासाघीस केली नाही, आणि कुणी करू नये असंच माझं मत आहे.

राग आला तो आमच्या सहलीच्या आखणीचा. सकाळभर भग्नावशेष, दुपारी दुकानं, आणि या बायकांच्या वाट्याला एक तास! जाणार असाल तर स्वतःची गाडी करून जा, कोरड्या महिन्यांत जा, तिथे मुक्काम करता येतो का विचारा. मला पुन्हा जायचंय ते असंच.

निघताना मी विचारलं, आता सोयाबीन थांबलं का? बाईंनी नकारार्थी मान हलवली. परवानगी गेली, पण जंगल तुटायचं थांबलं नाही. 2023 च्या मार्चमध्ये याच तालुक्यात हजारो पेट्यांमधल्या मधमाश्या मेल्या, आणि तपासात फिप्रोनिल हे कीटकनाशक सापडलं. आपल्या शेतकऱ्यांना हे नाव चांगलं ठाऊक आहे. मी लातूरकडची, सोयाबीनच्या शिवारात वाढलेली. आमच्या बांधावर पोया शेवटची कधी दिसली, हे मी त्याच रात्री घरी फोन करून विचारलं. आईला आठवेना.