डॅन्यूबच्या दोन काठांवर कोमारोम

बुडापेस्टच्या संसदेसमोर एक स्मारक आहे. बहुतेक पर्यटक संसदेच्या घुमटाचे फोटो काढण्याच्या नादात त्याच्यावरून पुढे निघून जातात, कारण ते वर उभं नाही, खाली उतरतं. शंभर मीटर लांबीचा उतार, दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटच्या भिंती आणि भिंतींवर गावांची नावं. साडेबारा हजारांच्या आसपास. शेवटी तडकलेल्या दगडात तेवणारी ज्योत. 4 जून 1920 रोजी व्हर्सायच्या त्रियानों प्रासादात झालेल्या तहाची शंभरी हंगेरीने अशी साजरी केली. साजरी हा शब्द इथे बसत नाही, पण बुडापेस्टमध्ये दुःखसुद्धा थाटामाटातच होतं.

पहिल्या महायुद्धात हरल्यावर या तहाने हंगेरीच्या राज्याचा दोन तृतीयांशाहून जास्त प्रदेश गेला. क्षेत्रफळ सुमारे 2 लाख 83 हजार चौरस किलोमीटरवरून 93 हजारांवर आलं, आणि तीस लाखांहून जास्त हंगेरियन भाषक एका सहीने परदेशी झाले. भिंतीवरची नावं आहेत 1913 सालच्या राज्यातल्या सगळ्या गावांची. मी आजच्या स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा शोधत होतो, ते सापडणं शक्यच नव्हतं. तिथे ‘पोझोन्य’ आहे. नावं सगळी हंगेरियन रूपात, मग त्या गावात तेव्हा स्लोव्हाक राहत असोत की रोमानियन. म्हणजे जे गेलं त्याचं दुःख भिंतीवर आहे. पण ज्यांच्यावर राज्य होतं त्यांना जाण्यात आनंद का वाटला असेल, याचा उल्लेख कुठेच नाही. मला तरी हे स्मारक अर्धंच वाटलं.

उरलेलं अर्धं बघायला कोमारोमला गेलो. बुडापेस्ट-व्हिएन्ना मार्गावर हे स्टेशन आहे, सकाळी निघून संध्याकाळी आरामात परत येता येतं. शेंगेन व्हिसा असला की नदीपलीकडे जायला आणखी काही लागत नाही. गाव डॅन्यूबच्या दोन्ही काठांवर. दक्षिणेला हंगेरीचं कोमारोम, उत्तरेला स्लोव्हाकियाचं कोमार्नो. 1920 पर्यंत हे एकच शहर होतं, आणि जुनं, मुख्य गाव म्हणाल तर ते उत्तरेकडचं. आजही कोमार्नोत निम्म्याहून जास्त लोक हंगेरियन बोलतात. मग ते गाव स्लोव्हाकियात कसं?

याचं उत्तर नदीत आहे. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन लोकांच्या स्वयंनिर्णयाची भाषा बोलत होते, पण नव्या चेकोस्लोव्हाकियाला (आजचा स्लोव्हाकिया तेव्हा त्याचाच भाग) समुद्र नव्हता. त्याला डॅन्यूब हवी होती, बंदर हवं होतं, रेल्वे हवी होती. पॅरिसच्या शांतता परिषदेतल्या नकाशावर नदी ही सोयीची रेघ होती. रेघ मारली गेली आणि गावाच्या मधोमध सरहद्द आली. कोमार्नोच्या किनाऱ्यावर क्रेन आणि धक्के दिसतात तेव्हा हे सगळं पुस्तकापेक्षा जास्त स्पष्ट कळतं.

मधला एर्झेबेत पूल 1892 चा. लोखंडी, पायी पार करायला काही मिनिटं पुरतात. मी पार केला तेव्हा पुढे एक आजी चाकाची पिशवी ओढत चालल्या होत्या, पिशवीतून कोथिंबिरीसारखं काहीतरी डोकावत होतं. पासपोर्ट कुणी विचारला नाही. दोन्ही देश डिसेंबर 2007 मध्ये शेंगेनमध्ये आले. पलीकडे पोहोचल्याचं मला कळलं ते दुकानाच्या पाटीवर फोरिंटऐवजी युरो दिसल्यावर.

चालताना डोक्यात मात्र इश्तवान तिसा होते, 1914 मधले हंगेरीचे पंतप्रधान. साराएव्होत 28 जून 1914 रोजी आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडचा खून झाला, हे आपल्याला शाळेपासून पाठ असतं. त्यानंतरचा महिना कुणी शिकवत नाही. ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याच्या व्हिएन्नातल्या मंत्र्यांना सर्बियाशी युद्ध हवं होतं. 7 जुलैच्या बैठकीत एकटे अडून बसले ते तिसा. त्यांना शांततेचा फार पुळका होता असं नाही. साम्राज्यात आणखी स्लाव लोक नकोत, एवढंच. आठवड्याभरात ते मवाळ झाले, पण अट घातली की सर्बियाचा प्रदेश आपल्याला जोडायचा नाही. 28 जुलैला युद्ध पुकारलं. एक इंचही जमीन नको म्हणणाऱ्या राज्याची दोन तृतीयांश जमीन गेली, आणि तिसांना 31 ऑक्टोबर 1918 रोजी बंडखोर सैनिकांनी त्यांच्या घरात गोळ्या घातल्या. महायुद्ध एका पिस्तुलातून सुटलं असं म्हणणाऱ्यांनी या बैठकांची इतिवृत्तं वाचावीत.

पॅरिसला हंगेरीची बाजू मांडायला गेले काउंट अल्बर्ट अप्पोन्यी. जानेवारी 1920 मधलं त्यांचं भाषण प्रसिद्ध आहे. फ्रेंच, इंग्रजी आणि इटालियन अशा तीन भाषांत ते बोलले, लोकांना विचारा, सार्वमत घ्या म्हणाले. मागणी रास्तच होती. फक्त शिक्षणमंत्री असताना 1907 मध्ये याच अप्पोन्यींनी कायदा केला होता, की सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत स्लोव्हाक किंवा रोमानियन पोराला चौथीपर्यंत हंगेरियन लिहिता-बोलता आलंच पाहिजे. त्या पोरांना कुणी विचारलं नव्हतं.

कोमार्नोत जेवायला लांगोश घेतला. तळलेली जाड पोळी, वर लसूण, आंबट साय आणि किसलेलं चीज. भटुऱ्याचा थोरला भाऊ म्हणा हवं तर. वाढणारी मुलगी माझ्याशी तुटक इंग्रजीत, स्वयंपाकघराशी हंगेरियनमध्ये आणि फोनवर स्लोव्हाकमध्ये बोलत होती. रस्त्यांच्या पाट्याही दोन भाषांत.

दुसऱ्या महायुद्धाची वाट याच गावातून गेली. ऑक्टोबर 1938 मध्ये, चेकोस्लोव्हाकियाचा सीमाभाग हिटलरला देणाऱ्या म्युनिक करारानंतर लगेच, हंगेरी आणि चेकोस्लोव्हाकियाची शिष्टमंडळं कोमार्नोत बोलणी करायला बसली. जमलं नाही. मग 2 नोव्हेंबरला व्हिएन्नात जर्मनी आणि इटलीच्या परराष्ट्रमंत्र्यांनी निवाडा दिला आणि कोमार्नो हंगेरीला परत मिळालं. गावात तेव्हा जल्लोष झाला. त्याची किंमत पुढे वसूल होत गेली. प्रदेश हिटलरच्या मेहेरबानीने मिळाला की त्याच्या लढाईतही जावं लागतं. पंतप्रधान पाल तेलेकी यांनी एप्रिल 1941 मध्ये, ज्या युगोस्लाव्हियाशी नुकताच मैत्रीचा करार केला त्याच्यावरच्या हल्ल्यात सामील व्हायची वेळ आल्यावर, स्वतःला गोळी घालून घेतली. 1944 च्या उन्हाळ्यात कोमारोमचे ज्यू आउश्विट्झला गेले. त्याच वर्षी शरद ऋतूत दक्षिण काठाजवळच्या ‘चिल्लाग’ किल्ल्यात रोमा (जिप्सी) कुटुंबांना कोंडलं आणि तिथून अनेकांना डाखाउच्या छळछावणीत पाठवलं. किल्ला आता नीटनेटका संग्रहालय झाला आहे, आत प्राचीन शिल्पांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती आहेत. मी दोन दालनं पाहिली आणि बाहेर आलो.

1945 मध्ये रेघ पुन्हा नदीवर आली. या वेळी शिक्षा उत्तर काठाला: चेकोस्लोव्हाकियाने तिथल्या हंगेरियनांचं नागरिकत्व काढून घेतलं, ते परत मिळायला 1948 उजाडलं.

एवढं सगळं झाल्यावर दोन्ही देश युरोपीय संघात आले म्हणजे प्रश्न मिटला असं वाटेल. ऑगस्ट 2009 मध्ये कोमार्नोत हंगेरीचे पहिले राजे सेंट स्टीफन यांच्या पुतळ्याच्या अनावरणाला हंगेरीचे राष्ट्रपती लास्लो शोयोम निघाले. स्लोव्हाकियाने त्यांना प्रवेश नाकारला. तारीख होती 21 ऑगस्ट, आणि 1968 मध्ये याच तारखेला चेकोस्लोव्हाकियात घुसलेल्या फौजांत हंगेरीची फौजही होती. राष्ट्रपती पुलाच्या मध्यापर्यंत चालत गेले आणि मागे फिरले. हंगेरी युरोपीय न्यायालयात गेली. 2012 मध्ये न्यायालय म्हणालं, राष्ट्रप्रमुखाला सामान्य नागरिकासारखा मुक्त संचाराचा हक्क सांगता येणार नाही. चाकाची पिशवी ओढणाऱ्या आजींना जे जमतं ते राष्ट्रपतींना जमलं नाही.

2010 मध्ये हंगेरीच्या ओर्बान सरकारने सरहद्दीपलीकडच्या हंगेरियनांना घरबसल्या नागरिकत्व देऊ केलं. स्लोव्हाकियाने उलट कायदा केला, दुसरं घेतलंत तर आमचं जाईल. मग 2022 मध्ये हंगेरीत पेट्रोलचे दर सरकारने दाबून ठेवले होते तेव्हा पलीकडच्या गाड्यांच्या रांगा लागल्या, आणि मे महिन्यात नियम आला: स्वस्त पेट्रोल फक्त हंगेरियन नंबरप्लेटला. परतीच्या गाडीत शेजारी बसलेल्या, कोमार्नोत राहणाऱ्या गृहस्थांनी हा किस्सा हसत हसत सांगितला. नागरिकत्व तुम्ही घेतलं होतंत का, असं मी विचारलं. त्यांनी खिडकीबाहेर बघत बुडापेस्टला भाडी किती वाढलीत, हा विषय काढला.