काकांचा अकॉर्डियन

माळ्यावरून पेटारा खाली काढला तशी आई म्हणाली, "उंदरांनी त्यात संसार मांडलो आसतलो!" उंदीर नव्हते, बावीस पावसाळ्यांची बुरशी मात्र होती. मालवणची खारी हवा कुणाला सोडत नाही.

भाता ताणला तर कोपऱ्यांतून नुसतं फुसफुस. डाव्या हाताच्या १२० बटणांतली निम्मी रुतलेली. आपल्या भजनातल्या पेटीचे सूर, म्हणजे आतल्या थरथरून वाजणाऱ्या पट्ट्या, पितळी, याचे पोलादी, म्हणजे गंज आलाच. त्यात प्रत्येक स्वराला दोन पट्ट्या: एक भाता उघडताना वाजते, दुसरी मिटताना. वरच्या चामड्याच्या झडपा पापडासारख्या वळलेल्या, सूर धरून ठेवणारं मेण तडकलेलं.

गंज हलक्या हाताने खरवडला. जोर लावला की सूर चढतो किंवा उतरतो. दोन बिघडवल्यावर हे कळलं. मधमाश्यांचं मेण आणि राळ वितळवली ती आईच्या फोडणीच्या कढल्यात. (ते कढलं तिने परत घेतलं नाही.)

परवा ओटीवर वाजवून पाहिला. एक सूर अजून चळतो.

"तो तेव्हापण असोच रडायचो," आई म्हणाली आणि आंबोशी उन्हात घालायला गेली.