रद्दीचे पैसे

काळाचौकीला आमच्या नाक्यावर जो रद्दीवाला आहे त्याच्याकडे हल्ली पेपर कमी आणि पुठ्ठा जास्त दिसतो. दुकान तेच, शेठ तोच, काटा तेवढा डिजिटल झालाय (त्याच्यावरचा आईचा अविश्वास जुनाच), पण आधी जिथे छताला टेकतील एवढे पेपरचे गठ्ठे असायचे तिथे आता ऑनलाइन शॉपिंगची खोकी चपटी करून रचलेली असतात, वरची चिकटपट्टी अर्धवट सोललेली आणि त्याखाली कोणाचं तरी नाव, विंग, फ्लॅट नंबर. अख्ख्या एरियाने या महिन्यात काय काय मागवलं हे त्या माणसाला तोंडपाठ असणार, बोलत नाही एवढंच. मी विचारलं तर म्हणाला, "पेपर अभी कौन लेता है, और जो लेता है उसका पेपर भी कितना पतला हो गया." हे दुसरं जे बोलला ना, ते मला जास्त पटलं.

कारण पेपर कमी झाला की आपण लगेच म्हणून टाकतो, लोकांचं वाचन गेलं. अरे पण पेपर नुसत्या बातम्यांसाठी कोण घ्यायचं? त्यात दहावीचा निकाल यायचा, लॉटरीचा यायचा, कुठल्या थिएटरला कुठला पिक्चर किती वाजता ते यायचं, सोन्याचा भाव, नोकऱ्या, भाड्याच्या खोल्या, वधू पाहिजे वर पाहिजे, आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका आधी उघडायचे ते श्रद्धांजलीचं पान. बातमी हे त्यातलं एक काम. बाकीची कामं एकेक करून उठून गेली, आणि कोणी ढोल वाजवून नाही गेली. नोकरी डॉट कॉम 1997 ला आलं तेव्हा आमच्या चाळीत कॉम्प्युटर कोणी जवळून बघितलेला नव्हता, त्यामुळे कोणाला काय फरक पडणार. पुढे लग्नं वेबसाइटवर जमायला लागली, 2007 ला बुकमायशो आलं, खोल्या अ‍ॅपवर गेल्या. आणि गंमत म्हणजे या बारीक अक्षरातल्या जाहिरातींवर पेपरवाल्यांचं बरंच भागायचं, कारण आपण पेपरला जे पैसे देतो त्यात छपाईचा खर्चसुद्धा निघत नाही. म्हणजे अग्रलेख लिहिणाऱ्याचा पगार थोडाफार तरी "सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष" वधू शोधणाऱ्यांच्या खिशातून जायचा! नाटकांच्या जाहिराती तेवढ्या अजून दिसतात, कारण शिवाजी मंदिरला नाटक बघणारं पब्लिक आणि सकाळी चहाबरोबर पेपर वाचणारं पब्लिक बऱ्यापैकी एकच आहे.

पेपर मेला वगैरे मी म्हणणार नाही. 1822 ला सुरू झालेला मुंबई समाचार आपल्याच मुंबईतून अजून निघतोय, त्याने काय काय बघितलं असेल, तार बघितली, रेडिओ बघितला, टीव्ही बघितला, आता आपल्याला बघतोय. पण टिकणं वेगळं आणि दर महिन्याला रद्दीचा ढीग होणं वेगळं.

ढीगावरून डिरेक्टरी आठवली. एमटीएनएलची टेलिफोन डिरेक्टरी, जाडजूड, कागद एवढा पातळ की मागचं पुढे दिसायचं, त्यात सावंतांची पानंच्या पानं भरलेली. फोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, मग तो काळा डबा घरी यायचा आणि पुढच्या डिरेक्टरीत आपलं नाव छापून आलंय का ते सगळ्या घराने डोकं घालून बघायचं. आज कोणाचा नंबर असा छापून वाटला तर लोक पोलिसात जातील. ती डिरेक्टरी रद्दीत द्यायची म्हणजे वजनाला मस्त, शेठ खूश आम्ही खूश, आणि मग कधी भेळेच्या कागदावर कोणा अनोळखी परबाचा पत्ता चिंचेच्या चटणीत भिजलेला मिळायचा.

भेळेच्या कागदाचंही आता तसं राहिलं नाही म्हणा. छापील पेपरात खायचे पदार्थ बांधू नका, शाई पोटात जाते, असं एफएसएसएआयने (खाण्याच्या पदार्थांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) 2016 ला सांगितलं आणि 2023 ला परत सांगितलं. मधे 2018 ला आपल्याकडे प्लास्टिकबंदी आली तेव्हा कागदी पिशव्यांना एकदम भाव आला. म्हणजे एक सरकारी कागद म्हणतो कागद वापरा, दुसरा म्हणतो या कागदात देऊ नका, वडापाववाला बिचारा अजून दोघांचंही ऐकत नाही.

खरा दणका 2020 च्या मार्चला बसला. लॉकडाऊनमध्ये मुंबईत काही दिवस पेपर आलाच नाही, मग पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागले, आणि पेपर परत सुरू झाला तेव्हा आमच्या मजल्यावरच्या बऱ्याच घरांनी "नको आता, सवय झालीय" म्हणून कायमचा बंद केला. बाबांनी नाही केला. मोबाईलवर शब्दकोडं सोडवता येत नाही हे त्यांचं कारण, येतं असं सांगून उपयोग नाही. आणि त्याच दिवसांत घराघरात खोकी यायला लागली ती थांबलीच नाहीत. खोक्याचं कसंय, ते वापीकडच्या मिलमध्ये जातं, लगदा होतो, त्याचा परत तपकिरी कागद होतो, त्या कागदाचं परत खोकं होतं आणि त्यातून परत कोणाचं तरी मोबाईल कव्हर येतं. त्यात वाचण्यासारखं काही नसतं. रद्दीवाल्याला त्याने फरक पडत नाही, पण पुठ्ठ्याचा भाव पेपरपेक्षा कमी, हा मुद्दा मात्र आमच्या घरात फार मोठा आहे.

कारण रद्दीचे पैसे आईचे. हे कोणी ठरवलं नव्हतं, पण आमच्याकडे तरी असंच होतं आणि चाळीत बहुतेक सगळ्यांकडे असंच. पगार बाबांचा, तो त्यांच्या हातात, पण रद्दी, दुधाच्या पिशव्या, रिकाम्या बाटल्या यांचा हिशोब कोणी विचारायचं नाही. ते पैसे डाळीच्या डब्यात, त्यातून भिशी, त्यातून आमच्या पिकनिकचे पैसे, कधी बाबांनाच महिनाअखेरीस उधार (ते परत घेतलेले मी स्वतः बघितलेत, व्याज नव्हतं पण टोमणा असायचा).

आता चाळीचा टॉवर झाला, वॉचमन शेठच्या पोराला वर सोडत नाही, म्हणून अ‍ॅपवरून रद्दी न्यायला मुलगा येतो, युनिफॉर्म घालून, पिशवीतून काटा काढतो, आणि पैसे यूपीआयवर. कोणाच्या यूपीआयवर? अ‍ॅप माझ्या मोबाईलवर, म्हणून माझ्या. मला वाटलं सोयीचं आहे. आईने दोन वेळा बघितलं, तिसऱ्या वेळी त्या मुलाला म्हणाली कॅश दे, तो म्हणाला काकू कॅश ठेवतच नाही आम्ही. मी तिला तेवढी नोट काढून दिली तर म्हणते, "तुझ्याकडून घेतलेले पैसे ते, रद्दीचे नाहीत."

बँकेत जायला कंटाळणारी बाई, एटीएम कार्ड कपाटात साडीच्या घडीत ठेवते, पण पुढच्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या कॉलेजच्या पोरीकडून तिने स्वतःच्या मोबाईलवर यूपीआय चालू करून घेतलं. रद्दीचे पैसे आता तिकडे जातात. पिन काय ठेवलाय ते आम्हाला कोणालाही सांगितलेलं नाही, बाबांना तर नाहीच.