आवाज काढून दाखवा

दुपारी अडीचला कोणी गाडी काढत नाही. मीही काढली नसती, पण बाबांच्या कानाच्या मशीनचे सेल संपले होते आणि सेल संपले की आमच्या घरातला टीव्ही चाळीसवर जातो. पुण्यात चार दिवस संततधार होती आणि तेवढे दिवस गाडी जागची हलली नव्हती. पहिला गिअर टाकला, हँडब्रेक खाली केला, क्लच सोडला. गाडीने नुसतं बूड उचलल्यासारखं केलं आणि परत बसली. थोडा अ‍ॅक्सिलरेटर दिला तेव्हा मागून ‘ठाप्’ असा आवाज आला आणि सुटली एकदाची. मग गेटपर्यंत शर्र… शर्र… शर्र… चाकाच्या फेऱ्याबरोबर एकेक.

बाबा शेजारी बसले होते. गाडी निघते आहे म्हटलं की ते चपला घालतात, कुठे ते विचारत नाहीत. मशीन शर्टाच्या खिशात होतं. म्हणजे त्यांना काही ऐकू गेलं असणं शक्यच नव्हतं. गेटपाशी आल्यावर म्हणाले, “मागचं डावं धरलंय.”

मेडिकलऐवजी मिस्त्रीकडे गेलो.

मिस्त्री जेवून उठला होता. बोनेटला हात न लावता, तोंडातली बडीशेप चघळत म्हणाला, “कसा येतो? काढून दाखवा.”

हा प्रसंग माझ्यावर आजवर किती वेळा आला असेल! भर रस्त्यावर, दोन पोरं पान्याशी खेळत आपल्याकडे बघताहेत, आणि आपण चाळिशी ओलांडलेल्या माणसाने ओठ पुढे काढून ‘शर्र’ म्हणायचं. शिवाय एकदा म्हणून भागत नाही. “सलग येतो का तुटक?” मग तुटक काढून दाखवायचा. “ब्रेक मारल्यावर बंद होतो?” मग मध्येच गप्प व्हायचं. आणि एवढा तमाशा झाल्यावर मिस्त्री गाडी चालवून बघतो तेव्हा गाडी शहाण्या मुलासारखी चिडीचूप.

तरी मराठी माणसाला यात बरीच सोय आहे. खडखड म्हणजे काहीतरी ढिलं झालंय. खरखर म्हणजे कशाला तरी काहीतरी घासतंय. कुरकुर म्हणजे कुठेतरी वंगण नाही. घरघर म्हणजे बेअरिंग, आणि तीच माणसाला लागली तर मिस्त्रीचं काम उरत नाही. अर्धं निदान शब्दातच झालेलं असतं, फक्त नेमका शब्द सापडला पाहिजे. हँडब्रेकचं मात्र वेगळं आहे. बाकी गाडीत आवाज आला की घाबरायचं आणि हँडब्रेकचा आला नाही की घाबरायचं. लीव्हरच्या बुडाशी दातेरी पट्टी असते, तिच्यावरून खटका एकेक दाता चढत जातो, त्याचं ते कर्र. करकचून ब्रेक लावला असं आपण म्हणतो, त्या ‘करकचून’मध्ये मला लहानपणापासून हँडब्रेकच ऐकू येतो. व्युत्पत्ती कोणी मागू नये.

आमच्या घरी या कर्रवरून दोन पंथ आहेत. बायको बटण दाबून धरते आणि लीव्हर वर घेते. काही आवाज नाही. दाते झिजतात, असं तिच्या वडिलांनी तिला शिकवलंय. झिजत असतीलही. पण मला ते बघवत नाही. कडी न वाजवता दार लावल्यासारखं वाटतं. लागली की नाही कोण जाणे. ती उतरून लिफ्टपर्यंत गेली की मी लीव्हर हळूच खाली करून पुन्हा वाजवून वर घेतो. हे तिला माहीत आहे.

पण यात माझा दोष नाही. मी साताऱ्याचा. आमचं घर मंगळवार पेठेत, आणि अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या या गावात सपाट जागा शोधूनच काढावी लागते. १९९१ साली बाबांनी पांढरी मारुती ८०० घेतली, सेकंडहँड, आणि तेव्हापासून आमच्या दारात रोज संध्याकाळी एक विधी सुरू झाला. बाबा गाडी चढाला तोंड करून लावायचे, ब्रेकवर पाय ठेवून हँडब्रेक ओढायचे आणि मोठ्याने मोजायचे. एक, दोन, तीन, चार, पाच. मग पहिला गिअर टाकायचा. मग मी उतरायचं, डिकीतून दगड काढायचा आणि मागच्या चाकाला लावायचा. काळा, पाचरीसारखा दगड, दिवाळीच्या उरलेल्या चुन्याने रंगवलेला. अंधारात दिसावा म्हणून. मी नीट लावला की बाबा ब्रेकवरचा पाय हळूहळू सोडायचे, गाडी बोटभर मागे यायची, दगडावर टेकायची आणि थांबायची. त्या बोटभर अंतरात माझा जीव टांगलेला असे. शाळेत मॉनिटर झालो तेव्हाही एवढी जबाबदारी वाटली नव्हती.

पाच हा आमच्या गाडीचा आकडा होता. प्रत्येक गाडीचा वेगळा असतो, तिच्या पुस्तकात छापलेला. लायनर, म्हणजे चाकाच्या ड्रमला आतून दाबून धरणारे ब्रेकचे पट्टे, झिजत गेले किंवा केबल ताणली गेली की आकडा वाढतो. बाबा जेवताना जाहीर करायचे, “आज सातवर गेला.” आई म्हणायची, “मग मीठ कमी करू का?” आठावर गेला की मिस्त्री लीव्हरखालचं नट दोन आटे आवळायचा आणि गाडी पुन्हा पाचवर यायची. फार आवळायचं नाही, नाहीतर तीनवरच घट्ट होतो आणि चालताना लायनर ड्रमला चाटत राहतो. हे सगळं मला दहाव्या वर्षी येत होतं. पाढे येत नव्हते.

त्या काळातली एक केस सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आमच्या गाडीत एकदा मागून आवाज यायला लागला. ब्रेक मारला की एकदा, गाडी सुटली की एकदा, आणि यवतेश्वरचा घाट चढताना तर वळणावळणाला. बाबांचं निदान: हँडब्रेकची केबल सुटून चॅसीला आपटते आहे. मिस्त्रीचं निदान: लायनर. दोन्ही ड्रम उघडले. केबलला क्लिपा मारल्या, नवे लायनर बसवले, आवाज तसाच. बाबा मिस्त्रीला ‘खडखड’ काढून दाखवत होते, मिस्त्री मान डोलवत होता. आई मागच्या सीटवरून दोनदा म्हणाली, “अहो, ही खडखड नाहीये, गडगड आहे.” तिचं कोणी ऐकलं नाही. तीन महिन्यांनी कराडहून आत्याचा फोन आला, “वहिनी, वरवंटा पाठवणार होतात ना?” तो स्टेपनीच्या खड्ड्यात होता. पोत्यात गुंडाळून बाबांनीच ठेवला होता. त्या रात्री बाबा भाकरीबरोबर काय होतं तेही न बघता जेवले आणि आईने त्यांना काहीही म्हटलं नाही, हे जास्त वाईट होतं.

गडगडतं ते गोल असतं. हे भाषेला माहीत होतं, मिस्त्रीला नव्हतं.

असो. शाळेच्या सुट्टीत एसटीने जायचो तेव्हाही माझा कान तिथेच असायचा. ड्रायव्हर स्टँडवर गाडी लावून शेजारचा तो लांबलचक दांडा दोन्ही हातांनी ओढायचा, कर्रर्रर्र, की समजायचं चहा आहे. नुसतं इंजिन बंद झालं तर लोक जागचे हलत नसत. हा आवाज आला की अख्खी बस उठायची. आता मोठ्या गाड्यांत फुस्स होतं. त्याचा हिशेब उलटाच आहे. ब्रेक सोडवून धरायला हवा लागते. हवा गेली की आतली स्प्रिंग सुटते आणि ब्रेक लागतो. दमून बसल्यासारखा आवाज येतो खरा. बहिणीच्या नव्या गाडीत तर दांडाच नाही, एक बटण आहे. ओढलं की शेजारच्या फ्लॅटमध्ये कोणी चटणी वाटत असल्यासारखं दीड सेकंद घूंऽऽ होतं आणि संपलं. बाबा त्या गाडीत बसले की उतरताना मागे वळून वळून बघतात. बहीण चढावर नुसती ‘पी’मध्ये, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरच्या पार्किंगच्या खुणेवर, टाकून उतरते, बटण ओढतच नाही. मग निघताना गिअर काढला की ‘ठाक्’, कारण सगळं वजन त्या गिअरबॉक्समधल्या इवल्याशा खटक्यावर लटकलेलं असतं. आधी ब्रेकवर पाय, मग हँडब्रेक, मग पाय सोडून वजन हँडब्रेकवर, आणि मग ‘पी’, असं मी तिला चारदा सांगितलं. ती म्हणते तू बाबांसारखा होत चाललायस.

मिस्त्रीने अखेर गाडी गल्लीतून एक चक्कर मारून आणली. मी मागे बसलो होतो. रिकाम्या जागेत, अगदी हळू चालवत त्याने हँडब्रेक एकच दाता वर घेतला आणि शर्रचा सूर बदलला. “इथंच आहे,” तो म्हणाला. उतरून दोन्ही मागच्या चाकांच्या रिमला हात लावला. उजवी गार, डावी कोमट. मी बाबांकडे बघितलं. बाबा पावसाकडे बघत होते.

जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवलं. उजवं दोन-तीन वेढे मस्त फिरलं. डावं अर्धा वेढा जाऊन थांबलं. ड्रम निघत नव्हता, हातोडीने कडेकडेने ठोकून काढला. आत ड्रमवर नारिंगी गंजाचा ठसा होता, लायनरच्याच आकाराचा, ओल्या फरशीवर तवा ठेवून विसरावं तसा. ‘ठाप्’ आवाज त्याचा. चार दिवस ओल्यात हँडब्रेक ओढून ठेवला की लायनर गंजाने ड्रमला चिकटतो. गाडी पहिल्यांदा हलते तेव्हा सुटतो. पोराने ओल्या फडक्याने आतली धूळ पुसली. आमच्या साताऱ्याचा मिस्त्री ड्रम उघडला की वाकून फूऽऽ करायचा आणि मी त्याच्या खांद्याशी उभा असायचो. त्या धुळीचा एक खमंग, जळका वास असे, मला तो आवडायचा. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं हे मला कॉलेज संपल्यावर कळलं. तो दिवसभर फुंकत असे.

“केबल परत येत नाहीये,” मिस्त्री खालून म्हणाला. “जाते, पण येत नाही.” नळीत पाणी शिरून आतून गंजली होती. ओढली की जायची, सोडली की अर्ध्यावर अडकायची, म्हणून शर्र. पॉलिश पेपर मारला, नवी केबल टाकली. वर उपदेश: “पार्किंग सपाट आहे ना तुमचं? मग पावसात ओढता कशाला? गिअरमध्ये ठेवायची.” अगदी बरोबर आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गोटी ठेवली तर तीही हलणार नाही. पण साताऱ्याच्या हाताला हे समजत नाही.

बाबांच्या कानातून आधी बारीक आवाज गेले. डॉक्टर म्हणाले असंच होतं, वरच्या पट्टीतलं आधी जातं. घड्याळाचा गजर, मग चिमण्या, मग ‘स’ आणि ‘श’. ‘सहा’ म्हटलं की त्यांना ‘दहा’ ऐकू येतं, भाजीवाल्याशी यावरून दोनदा वाजलंय. माझं शर्र त्यांच्यासाठी जगात नाहीच. मग गेटपाशी कसं कळलं, हे मी त्यांना मिस्त्रीच्या बाकावर ओरडून विचारलं. त्यांनी मांडीवर हात आपटला आणि म्हणाले, “बुडाला कळतं.”

मिस्त्रीने जॅक काढला. “बघा ओढून.” मी बसलो, ओढला, मोजले.

“सहा,” मी म्हणालो.

“दहा?” बाबा बाकावरून उठलेच. “मग नवी केबल टाकून काय उपयोग!”

मी ओरडून सहा म्हणालो, बोटं दाखवली, मिस्त्रीनेही दाखवली. त्यांना पटेना. शेवटी ते आत येऊन बसले, लीव्हर खाली केला, आणि तळहात दांड्यावर सपाट टेकवून, डोळे मिटून, सावकाश वर घेतला. ओठ हलत होते.

“पाच,” म्हणाले. “पहिला बटणाचा असतो. तू लहानपणापासून एक जास्त मोजतोस.”

मिस्त्री हसला. त्याने पाचवरच बसवला होता.

घरी आलो. गाडी सपाट फरशीवर लावली आणि हँडब्रेक ओढला, पावसात ओढायचा नाही हे आठवायच्या आत. वर आल्यावर बाबांनी टीव्ही लावला, चाळीसवर. सेल आणायचे राहूनच गेले होते.