निम्मं झाड कापलं आणि मी अनवाणी धावले

शनिवारी सकाळी इथे इटलीत करवतीच्या आवाजानं जाग आली. खिडकीतून बघते तर घरमालक आजोबा शिडीवर आणि मागच्या ऑलिव्हचं निम्मं झाड जमिनीवर! चप्पल न घालता खाली धावले, म्हटलं अहो काय करताय, चांगल्या हिरव्यागार फांद्या आहेत! कोथरूडला आमच्या सोसायटीत आंब्याची एक फांदी तोडायची तर महिनाभर व्हॉट्सॲपवर भांडण चालतं, मला सवयच नाही असलं बघायची.

आजोबा शांत. म्हणाले, मधून पाखरू पंख न घासता आरपार गेलं पाहिजे, एवढं मोकळं हवं. बुंध्याशी फुटलेले, सरळ वर गेलेले सोट (आपले बागायतदार पाणसोट म्हणतात तेच) सगळे साफ, कारण ते नुसते खातात आणि सावली करतात. फळ धरतं गेल्या वर्षीच्या फुटीवर आणि तिला ऊन लागतं. एक वर्ष लगडायचं आणि पुढच्या वर्षी शुकशुकाट ही ऑलिव्हची खोडच, छाटणीनं ती जरा आटोक्यात राहते म्हणे. मग निळं औषध फवारलं आणि मी लगेच ओळखलं, नारायणगावला मामाच्या द्राक्षबागेत हेच, मोरचूद! म्हणजे अगदीच काही कळत नाही असं नाही आपल्याला.

गंमत म्हणजे फांद्या हव्या तेवढ्या छाटा, पण ऑलिव्हचं झाड मुळापासून तोडायला इटलीत १९४५ पासून कायद्यानं बंधन आहे. मीही ऐकवलं, आमच्या महाराष्ट्रात १९७५ पासून झाडांचा कायदा आहे. रस्तारुंदीचं बोलले नाही. सगळंच कशाला सांगायचं परक्यांना.

तिकडे घरी बाबांनी नर्सरीतून कुंडीतलं ऑलिव्ह आणलंय, तीन वर्षं झाली, फळ नाही, आणि दर व्हिडिओ कॉलला चेहरा असा की जणू मीच अडवून ठेवलंय. अहो बाबा, मोहोर धरायला त्याला बरेच आठवडे नीट थंडी लागते, आपली थंडी चार दिवस स्वेटर काढण्यापुरती! त्यात आई तुळशीसारखं रोज पाणी घालते, मुळं कुजतील एक दिवस.

रविवारी त्यांना कॅमेऱ्यातून छाटलेलं झाड दाखवलं. म्हणाले, "फांद्या फेकू नका गं, बंबाला होतील." इथे कुठला आलाय बंब! हसत मागे वळले तर आजोबा शेकोटीसाठी त्याच फांद्यांच्या मोळ्या बांधत बसलेले.