गणपतीला सुट्टीवर या, कायमचे मात्र दिवाळीला

आखातातली नोकरी सोडायचं ठरलं की बेळगाव-खानापूरकडच्या माणसाच्या डोक्यात पहिली तारीख येते ती चतुर्थीची. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. "गणपतीला येतो ते परत जायचंच नाही" असं फोनवर सांगून टाकायला काही लागत नाही. पण राजीनाम्याची तारीख सणाच्या तिकिटाला बांधली की घाई होते, आणि त्या घाईचा फायदा नेमका कंपनीचा अकाउंटंट उठवतो. शक्य असेल तर गणपतीला रजेवर येऊन जा आणि दिवाळीच्या तोंडावर कायमचे या. विमानाचं एक तिकीट जास्त पडतं, पण बऱ्याच जणांच्या बाबतीत ते वसूल होतं. ज्यांना चतुर्थीलाच कायमचं यायचं आहे त्यांनी निदान तारखा उलट्या मोजाव्यात.

यूएईचा सध्याचा कामगार कायदा २०२१ चा, लागू झाला २ फेब्रुवारी २०२२ पासून. त्यात नोटीस ३० ते ९० दिवसांची. तुमची किती ते करारावर लिहिलेलं असतं. शेवटच्या दिवसानंतर १४ दिवसांत कंपनीने सगळी देणी द्यायची असतात. म्हणजे ३१ ऑगस्टला शेवटचा दिवस धरला तर कंपनी कायद्यात राहूनही १४ सप्टेंबरपर्यंत पैसे लांबवू शकते, आणि तोवर इकडे मूर्ती पाटावर बसलेली असते. शेवटचा दिवस २० ऑगस्टच्या आसपास ठेवा. मग ३ सप्टेंबरपर्यंत पैसे यायला हवेत आणि नाही आले तर भांडायला हातात आठवडा उरतो. त्यासाठी ३० दिवसांची नोटीस असेल तर राजीनामा २० जुलैला, ९० दिवसांची असेल तर २० मेच्या सुमारास. राजीनामा ईमेलवर द्या, त्यात शेवटच्या दिवसाची तारीख लिहा आणि पोच घ्या. व्हॉट्सअॅपवर सुपरवायझरला कळवलं म्हणजे राजीनामा झाला असं नाही.

ग्रॅच्युइटीच्या आकड्याबाबत सगळ्यात जास्त गैरसमज. ती पूर्ण पगारावर मिळत नाही, शेवटच्या बेसिकवर, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगारावर मिळते. पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचं बेसिक, त्यापुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचं. एकूण रक्कम दोन वर्षांच्या पगारावर जात नाही, आणि एक वर्ष पूर्ण नसेल तर काहीच नाही. समजा हातात येतात ३,५०० दिरहम पण करारात बेसिक २,००० आहे, आणि नोकरी झाली साडेसात वर्षं. पहिल्या पाच वर्षांचे १०५ दिवस, पुढच्या अडीच वर्षांचे ७५, मिळून १८०. दिवसाचं बेसिक २,००० भागिले ३०. आकडा येतो १२,००० दिरहम. गावाकडे मात्र ३,५०० वर हिशेब करून २१,००० गृहीत धरलेले असतात आणि त्यावर घराच्या स्लॅबचं बोलणंसुद्धा झालेलं असतं! बिनपगारी रजेचे दिवस नोकरीच्या मुदतीतून वजा होतात, हेही धरा. न घेतलेली वार्षिक रजा वेगळी मिळते, तीसुद्धा बेसिकवर. राजीनामा दिला म्हणून ग्रॅच्युइटी कापायची जुनी पद्धत नव्या कायद्यात राहिलेली नाही. कोणी कापतो म्हणाला तर जुन्या कायद्यावर बोलतोय असं समजा. घरकामगार आणि घरगुती ड्रायव्हर यांना वेगळा कायदा आहे, आणि दुबईच्या डीआयएफसी या वित्तीय केंद्रासारख्या झोनचाही वेगळा. हा हिशेब त्यांना जसाच्या तसा लावू नका.

सौदीचं गणित निराळं. तिथे पहिल्या पाच वर्षांना दर वर्षी अर्ध्या महिन्याचा पगार, पुढे दर वर्षी पूर्ण महिन्याचा. पण स्वतः राजीनामा दिला तर दोन वर्षांच्या आत शून्य, दोन ते पाच वर्षांत एक तृतीयांश, पाच ते दहा वर्षांत दोन तृतीयांश, आणि दहा वर्षं भरल्यावर पूर्ण. नऊ वर्षं आणि आठ महिने झालेल्या माणसाने चतुर्थीसाठी राजीनामा देऊ नये, एवढं सांगितलं तरी पुरे. फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं देश सोडण्याचा व्हिसा, लागल्यापासून निघायला ६० दिवस असतात.

आता सहीची गोष्ट. यूएईत लेबर कार्ड रद्द करण्याच्या कागदावर "माझी सर्व देणी मिळाली" अशा अर्थाचं वाक्य असतं. पैसे खात्यात पडायच्या आधी त्यावर सही केली की तक्रारीचा पाया गेला. "आज सही कर, उद्या ट्रान्स्फर करतो" हे ऐकू नका. देत नसतील तर कामगार मंत्रालयाकडे तक्रार देशात असतानाच करा. बेळगावात बसून ती चालवणं फार कठीण जातं. उलट, व्हिसा रद्द न करता गुपचूप निघून येणारेही आहेत. सलग १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिलं की रेसिडेन्सी आपोआप बाद होते, पण मधल्या काळात कंपनीने गैरहजेरीची तक्रार टाकली तर पुढे कधी परत जायचं म्हटलं की ती आडवी येते. रद्द केल्यानंतर किती दिवस राहता येतं ते त्याच कागदावर असतं. मित्राचे किती होते ते विचारत बसू नका, प्रत्येक प्रकाराला वेगळे दिवस आहेत.

बँकेचं काम राजीनाम्याच्या आधीच सुरू करायचं. शेवटचा पगार 'फायनल सेटलमेंट' म्हणून पडला आणि कर्ज किंवा क्रेडिट कार्ड चालू असलं की बँक खातं गोठवते. कार्ड बंद करायला महिना-दीड महिना लागू शकतो, तेव्हा ते आधी बंद करून देणं नसल्याचं पत्र हातात घ्या. स्वतःच्या नावावर फ्लॅट असेल तर दुबईत वीज-पाण्याची २,००० दिरहम अनामत असते, ती परत येते, पण सगळे विसरतात. आणि तिथलं सिम सगळ्यात शेवटी बंद करा. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो; सिम विमानतळावर मोडून टाकलं आणि १५,००० दिरहम खात्यात अडकले, असं दरवर्षी कोणाचं ना कोणाचं होतं. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, अनुभवाचा दाखला आणि मुलांचे शिक्का मारलेले शाळेचे दाखले हेही तिथेच उरका.

तर दिवाळीच का? आयकरासाठी आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस भरले की तुम्ही इथले रहिवासी, आणि मग आखातातल्या पगारावरही इथे कर लागू शकतो. १२ सप्टेंबरला आलात तर ३१ मार्चपर्यंत २०१ दिवस होतात. २५ ऑक्टोबरला आलात तर १५८. गणपतीला ११ दिवस रजेवर येऊन गेला असाल तरी १६९, म्हणजे रेषेच्या आत. मात्र एप्रिल-मेमध्ये लग्नासाठी येऊन गेला असाल तर तेही दिवस यात धरायचे. आणखी एक अट आहे: मागच्या चार वर्षांत मिळून ३६५ किंवा जास्त दिवस भारतात असाल तर या वर्षीच्या ६० दिवसांतच रहिवासी ठरू शकता. जाऊन तीनच वर्षं झालेली माणसं इथे अडकतात. दहा-बारा वर्षं राहून आलेल्यांना मात्र तारखेचा फारसा फरक पडत नाही. मागच्या दहापैकी नऊ वर्षं अनिवासी असाल, किंवा मागच्या सात वर्षांत भारतातले दिवस ७२९ च्या वर जात नसतील, तर रहिवासी झालात तरी आखातातल्या पगारावर इथे कर लागत नाही. खरा फायदा मधल्यांचा, चार-पाच वर्षं राहून परतणाऱ्यांचा. बेळगावात सीएकडे जाताना पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या तारखा कागदावर लिहून न्या; पहिला प्रश्न तोच असतो.

ज्यांची मुलं तिथे भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत आहेत त्यांना हे काही लागू नाही. त्यांनी मार्चची परीक्षा होऊ द्यावी. इकडे प्रवेश घेताना कन्नड विषयाचं आधी विचारा. कर्नाटकात २०१५ च्या कायद्याने कन्नड शिकवणं आलेलं आहे, आणि सहावी-सातवीत थेट येणाऱ्या पोराला बाराखडीपासून सुरुवात करावी लागते.

सामानात सोन्याचाच प्रश्न जास्त येतो. वर्षाहून जास्त बाहेर राहून परतणाऱ्या पुरुषाला २० ग्रॅम आणि बाईला ४० ग्रॅम दागिने सुटतात. दागिने म्हणजे दागिनेच; नाणं आणि बिस्किट त्यात येत नाही. पावती जवळ ठेवा. दारू दोन लिटर, सिगारेटी १००, आणि अठरा वर्षांवरच्या माणसाला एक लॅपटॉप. टीव्ही आणू नका, त्यावर ड्युटी पहिल्या रुपयापासून लागते आणि तोच टीव्ही खडेबाजारात मिळतो. बाकी वस्तूंची माफीची रक्कम अलीकडे बदलली आहे, ती निघण्याच्या आठवड्यात कस्टमच्या संकेतस्थळावर बघा. रोख परकीय नोटा ५,००० डॉलरपेक्षा जास्त असतील तर इथे उतरल्यावर जाहीर कराव्या लागतात. दोरीने बांधलेलं गोल बोचकं दुबई विमानतळावर घेत नाहीत, आणि एक नग ३२ किलोच्या वर चालत नाही. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. दुसऱ्याचं "फक्त औषधाचं" पार्सल कोणाचंही घेऊ नका, सख्ख्या मेहुण्याचं असलं तरी उघडून बघा.

घरी कुठून पोचायचं हे गाव कोणतं त्यावर. सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, आंतरराष्ट्रीय विमान उतरत नाही. मुंबईहून सांबरा घेणार असाल तर दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर काढा. वेगळं तिकीट काढलं की देशांतर्गत विमानात साधारण १५ किलोच फुकट, आणि तुमच्याकडे ३० किलोची बॅग; जास्तीचे पैसे काउंटरवर मोजावे लागतात. एक पीएनआर असला तरी बॅग मुंबईत उचलून कस्टममधून न्यावी लागते, तेव्हा मधे तीन-चार तास ठेवा.

गोव्याला उतरणार असाल तर तिकिटावर मोपा आहे की दाबोळी ते नीट वाचा, गाडी दुसरीकडेच जाऊन उभी राहते. मोपाहून बेळगावला साखळी, केरी, चोर्ला, कणकुंबी, जांबोटी असा रस्ता. खानापूरवाल्यांनी बेळगावात शिरायची गरज नाही, जांबोटीहून सरळ फाटा आहे. उचगाव, हिंडलगा, चंदगडकडच्यांना सावंतवाडी, आंबोली, पाटणे फाटा, शिनोळी बरं पडतं. संकेश्वर, निपाणीच्या लोकांनी आंबोलीहून आजरा, गडहिंग्लज धरावं, संकेश्वर–बांदा महामार्ग तोच. आखातातली विमानं बरीचशी अपरात्री किंवा पहाटे उतरतात. गणपतीच्या दिवसांत चोर्ला घाटात पाऊस, धुकं आणि खड्डे तिन्ही असतात, रेंज मध्येमध्ये जाते, आणि दरड आली तर तुम्ही केरी आणि कणकुंबीच्या मधे अडकता. उजाडेपर्यंत विमानतळावर चहा प्या आणि मग निघा. दिवाळीला हाच रस्ता कोरडा असतो. ड्युटी फ्रीच्या बाटलीची पावती वरच ठेवा, नाक्यावर विचारतात. आणि वाटेत गोव्याची बाटली घेऊ नका, ती कर्नाटकात आणणं बेकायदा आहे.

दिवाळीला येणाऱ्यांनी १ नोव्हेंबर टाळावा. त्या दिवशी शहरात राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि आपल्याकडे काळा दिवस पाळतात. रस्ते बंद असतात आणि बंदोबस्त मोठा. सीमाप्रश्न तापला की दोन्ही राज्यांच्या एसट्या कोगनोळीच्या आसपास थांबतात, २०२५ च्या फेब्रुवारीत तसंच झालं होतं. पुण्या-मुंबईहून बसने येणार असाल तर निपाणीकडच्या एखाद्या गाडीवाल्याचा नंबर खिशात असू द्या. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं.

पैसे आल्यावर एनआरई, म्हणजे अनिवासी असताना उघडलेलं खातं तसंच चालू ठेवायचं नाही. कायमचे परतलात की बँकेला कळवून ते साधं रहिवासी किंवा आरएफसी (रहिवाशाचं परकीय चलनातलं खातं) करून घ्या. परतल्या दिवसापासून एनआरई ठेवीच्या व्याजावरची करमाफी संपते. पॅन-आधार जोडणीही राहिली असेल तर करा. मग पंधरा दिवसांत गल्लीतल्या सोसायटीचा माणूस दारात येतो, बँकेपेक्षा दोन टक्के जास्त देतो म्हणून. बेळगाव भागात सोसायट्या उदंड, आणि चेअरमन नात्यातलाच निघतो. बँक, मग ती सहकारी असली तरी, ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेला तो नसतो. नातं राखायचं तर थोडे ठेवा, ग्रॅच्युइटी तिथे ओतू नका.

शेताचा व्यवहार गणपतीच्या सुट्टीत उरकू नका. एनआरआय असताना शेतजमीन, फळबाग किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते आणि घर किंवा बिगरशेती प्लॉट घेता येतो. परतून सगळ्या कागदांवर रहिवासी झाल्यावरच इसार द्या. इथला उतारा कन्नडमध्ये निघतो. तो दलालाकडून वाचून न घेता गावातल्या कन्नड शाळेच्या मास्तरांकडून वाचून घ्या: मालकांच्या रकान्यात किती नावं आहेत आणि बोजाच्या रकान्यात कोणती बँक किंवा सोसायटी आहे, एवढं तरी विचारा.